सात इंची तबकडीवरचं नाव

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई काढली की आपल्या प्रत्येकीच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, "याचं आता काय करायचं?" पितळी स्टोव्ह, खलबत्ता, लोकरीच्या सुया, आणि त्यांच्या जोडीला गाण्याच्या छोट्या तबकड्यांची ती पेटी. वाजवायचं यंत्र केव्हाच बिघडलेलं असतं. गाणी काय, सगळी मोबाईलवर मिळतात. मग पेटी एक दिवस रद्दीवाल्याच्या तराजूत जाते आणि आपण सुटकेचा श्वास टाकून माळा पुसून घेतो.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या छोट्या तबकड्यांविषयी. गेली काही वर्षं मी त्या जमवते आहे. हसू नका हं! आमच्या घरचेही आधी हसलेच होते. पण हा नुसता शौक नाही, त्यात आपलं, म्हणजे तुमचं-माझं, काहीतरी अडकलेलं आहे. ते काय, ते सांगते.

आधी तबकडी म्हणजे नेमकी कुठली, ते पाहू. आजोबांच्या भोंगेवाल्या फोनोवर वाजायच्या त्या जुन्या तबकड्या लाखेच्या. हो, ज्या लाखेच्या बांगड्या होतात तीच लाख! मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि हातातून निसटली की काचेसारखे तुकडे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची बारा इंची एल.पी. काढली, आणि पुढच्याच वर्षी, १९४९ साली, आर.सी.ए. व्हिक्टरनं सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी काढली. एल.पी. म्हणजे आपली थापलेली भाकरी, आणि ही धाकटी म्हणजे पोह्यांची बशी! हिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी बसवली की तिला ई.पी. म्हणायचं. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत भावगीतं, सिनेमाची गाणी, अभंग, सगळं या ई.पी.वर घरोघरी आलं. त्यांतल्या कितीतरी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तयार झालेल्या.

एक कोडं घालते. तबकडीच्या एका बाजूला किती खाचा असतात? शंभर? दोनशे? एकच! बाहेरून आत वळत गेलेली चकलीच ती. एका बाजूला सहा मिनिटांचं गाणं असेल तर सुई त्या एकाच वेटोळ्यातून २७० वेळा फिरते. खाचेच्या भिंती गाण्याबरहुकूम बारीक नागमोडी कोरलेल्या असतात, सुई त्यांवरून थरथरत जाते आणि त्या थरथरीचाच पुढे आवाज होतो. इतकं साधं आहे ते.

ही तबकडी छोटी होती म्हणूनच ती बायकांची झाली, असं मला वाटतं. एल.पी. घ्यायची तर घरात आधी चर्चा व्हायची, ती दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर वाजायची. ई.पी. मात्र घरखर्चातून बाजूला पडलेल्या पैशांत घेता यायची. पिशवीत भाजीच्या वर ठेवली तरी मावायची. आणि ती वाजवायचं यंत्रही तसंच आटोपशीर. एच.एम.व्ही.चे कॅलिप्सो आणि फिएस्टा तुमच्यापैकी कितीजणींना आठवतात? सूटकेससारखी पेटी, वर उचलायला मूठ. आमच्याकडचा फिएस्टा सेलवर चालायचा, त्यामुळे वीज गेली तरी गाणं चालू. उचलला की स्वयंपाकघरात, उचलला की गच्चीवर.

जगात याहूनही इवल्या तबकड्या होऊन गेल्या बरं का! खरं तर तबकडीचा जन्मच खेळणं म्हणून झाला. तबकडीचा जनक एमिल बर्लिनर. त्याच्या पाच इंची तबकड्या १८९०च्या सुमाराला जर्मनीत हातानं फिरवायच्या खेळण्यातल्या यंत्राबरोबर विकल्या जात. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२४ साली जे बाहुलीघर तयार झालं, त्यातल्या चिमुकल्या ग्रामोफोनसाठी सव्वा इंचाहून किंचित मोठी, खरोखर वाजणारी तबकडी केली होती. आपल्या सासरच्या मोठ्या बुंद्याच्या बटणाएवढीच म्हणा ना. १९६७ साली अमेरिकेत फिल्को कंपनीनं चार इंची, वाकणाऱ्या तबकड्या काढल्या. खिशात घालून हिंडा, सोबत छोटं यंत्र घ्या, अशी ती कल्पना. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या तशाच तबकड्या तर नाणं टाकून यंत्रातून विकत मिळायच्या. दोन-तीन वर्षांत तो सगळा खेळ आटोपला. आज मात्र तिकडची हौशी मंडळी त्या तबकड्या आणि ती यंत्रं शोधत फिरतात. २०१९ साली तर तीन इंची तबकड्या आणि त्यांचं चिमुकलं यंत्र पुन्हा नव्यानं बाजारात आलं. म्हणजे हे वेड माझ्या एकटीचं नाही!

पण माझं वेड लागलं ते निराळ्याच कारणानं.

आमचं घर सांगलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आमच्या जुन्या घरात पाणी पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चढलं. आम्ही मिरजेला माझ्या माहेरी होतो. आठवड्यानं परतलो तेव्हा घरभर घोट्याएवढा चिखल, आणि तो वास! ज्यांनी पूर काढलाय त्यांनाच तो वास ठाऊक. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. कॅसेटी फुगून त्यांच्या फिती बाहेर आलेल्या. गाद्या, धान्य, पुस्तकं, सगळं रस्त्यावरच्या ढिगात गेलं. जिन्याखालच्या फडताळात सासूबाईंची एक पत्र्याची पेटी होती. ह्यांनी ती उघडली, आत चिखल पाहिला आणि ढिगाकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या, "थांब रे. धुऊन बघू."

आत बावीस ई.पी. होत्या. शेजारी फिएस्टा होता, पण त्याची आशाच नव्हती. स्पीकरचा कागद विरघळला होता, मोटर गंजली होती. टँकरचं पाणी जपून वापरायचे दिवस ते. आम्ही दोघी अंगणात पाटावर बसलो. सासूबाई एकेक तबकडी अशी धूत होत्या, जशी बाळंतिणीनं बाळाची टाळू जपावी. मी ती मऊ फडक्यानं टिपून ताटाळ्यात उभी करत होते. संध्याकाळपर्यंत ताटाळ्यात ताटांऐवजी बावीस काळ्याभोर तबकड्या चकाकत होत्या. एकीचा कडेचा टवका उडालेला, बाकी सगळ्या धड. घरातल्या इतक्या वस्तूंमधून पुराला पुरून उरल्या त्या याच!

कव्हरं मात्र कागदाची. बहुतेक हातातच विरली. चार-पाच वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वाळवली. त्यांतल्या एका कव्हरच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेलं होतं. आधी 'कुमारी', मग एक नाव, आणि खाली, 'माझ्या पगारातून, जून १९७३'. त्याच्याशेजारी शाईच्या पेननं आणखी काहीतरी लिहिलेलं असावं, पण तिथे आता नुसता निळा डाग पसरला होता.

मी विचारलं, "आई, ही कुमारी कोण?"

त्यांनी पदराला हात पुसले, कव्हर जवळ धरलं आणि म्हणाल्या, "कोण म्हणजे? मीच की."

मैत्रिणींनो, माझ्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. या बाईच्या हातचं मी जेवले, तिच्या हाताखाली पुरणपोळी शिकले, तिच्या आजारपणात उशाशी बसले. पण तिचं हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्या भावंडांत थोरल्या, म्हणून माहेरी सगळे त्यांना अक्का म्हणत. सासरी लग्नातच नाव बदललं. आपल्याकडची पद्धत तुम्हांला ठाऊकच आहे. तबकात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव काढायचं. सगळ्यांनी वाकून वाचायचं, पेढे वाटायचे, आणि मग ते तांदूळ डब्यात ओतायचे. १९७४ साली तासगावकडच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी त्या तांदळावर नव्या नावाची झाली. पेटी सासरी आली तेव्हा तिनं कव्हरवरच्या जुन्या नावाशेजारी शाईनं नवं नाव लिहिलं. नोकरी सुटली होती, त्यामुळे त्यानंतर 'माझ्या पगारातून' असं काही लिहायचं कारणच पडलं नाही.

शाईचं नाव पुरानं नेलं. बॉलपेनचं राहिलं.

तेवढ्यात हे बादली घेऊन आले. कव्हर वाचून जरा वेळ उभेच राहिले. म्हणाले, "आई, तुझं हे नाव होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "होतं काय? आहे."

त्या रात्री आम्ही वरच्या खोलीत सतरंजीवर झोपलो होतो. सासूबाईंनी मला सांगितलं, की पहिल्या पगारातून घरी पैसे दिले, भावाची फी भरली, आणि उरलेल्या पैशांतून ही ई.पी. घेतली. तेव्हा तर घरी वाजवायचं यंत्रही नव्हतं! शेजारच्यांकडे जाऊन ऐकायची. फिएस्टा मागाहून आला, मामांनी लग्नात दिला. सासरी दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपून, भांडी लावून झाली की मामंजींची वामकुक्षी चालायची. तेवढ्या वेळात माजघराचं दार लोटून, आवाज बारीक करून, एक बाजू. सहा मिनिटं. कधी चहाची वेळ व्हायच्या आत दुसरी. "सबंध दिवसात तेवढीच सहा मिनिटं मला कुणी हाक मारत नव्हतं," त्या म्हणाल्या. पुढे सुई झिजली, कॅसेटी आल्या, आणि पेटी जिन्याखाली गेली.

आता याला तुम्ही छंद म्हणा नाहीतर आणखी काही, पण तिथून मी छोट्या तबकड्या गोळा करायला लागले.

घरात कटकट झाली नाही असं नाही. पुरानंतर आम्ही जुनं घर सोडून दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. जागा बेताची. ह्यांचं म्हणणं, "इतकं सगळं वाहून गेलं, आता पुन्हा जुनंपानं कशाला भरतेस?" त्यात खोटं काही नव्हतं. पूर पाहिलेल्या माणसाला वस्तूंचा धसका बसतो. धाकट्या भावजींनी तर प्रेमानं सगळी गाणी पेन-ड्राइव्हवर भरून आणून दिली. म्हणाले, "वहिनी, ही घ्या बावीस तबकड्यांची गाणी, आणि वर चारशे फुकट!" गाणी खरंच छान वाजतात, खरखर नाही, काही नाही. पण त्या पेन-ड्राइव्हवर सासूबाईंचं नाव कुठे आहे? जून १९७३ कुठे आहे? शेवटी असं ठरलं, की कपाटाचा एक खण माझा. खण भरला की थांबायचं, नाहीतर एक काढून एक ठेवायची. हा नियम मला पटला. तुम्हीही काही जमवत असाल तर असा एक खण घरात मागून घ्या. मर्यादा असली की घरातल्यांचा राग निवळतो, आणि आपल्यालाही निवड करायची सवय लागते.

माझी लेक पुण्यात असते. तिच्याकडे गेले की बुधवार-रविवार पाहून मी जुन्या बाजारात चक्कर मारते. पहिल्या वेळी मी तिथे एक गंमत शिकले. एकाच गाण्यांच्या दोन ई.पी. मांडल्या होत्या. एकीचं कव्हर कोरं, तिची किंमत भारी. दुसरीच्या कव्हरवर कुणीतरी नाव लिहिलेलं, ती निम्म्यात! विक्रेता म्हणाला, "ताई, नाव घातलंय ना कुणी तरी, म्हणून. शौकीन लोक घेत नाहीत. हवं तर मी पुसून देतो." जगभरच्या संग्राहकांचा हाच हिशेब आहे म्हणे. कव्हर कोरं तर भाव वर, कुणाचं अक्षर असेल तर भाव खाली.

मी म्हटलं, "पुसू नका हो! आणि अशा नावांच्या आणखी असतील त्या दाखवा."

आता तो माझ्यासाठी नावांच्या तबकड्या बाजूला काढून ठेवतो. शे-दीडशेत मिळतात. मला थोडी वेडी समजत असेल, समजू दे. माझ्या खणात आज त्रेसष्ट आहेत, आणि प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या बाईचं अक्षर आहे. एकीवर 'गाण्याच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस, १९७१'. एकीवर 'वन्संकडून, पहिल्या मंगळागौरीला'. एकीवर मोठ्या अक्षरात 'ऐकून झाल्यावर परत आणून द्यावी!' ती कुणी परत केलीच नाही हे उघड आहे, नाहीतर माझ्याकडे कशी आली असती? एका कव्हरवर माहेरचं नाव खोडून सासरचं लिहिलेलं आहे, आणि पुढे ते सासरचंही खोडून पुन्हा माहेरचं. का, ते मला ठाऊक नाही. मी ती तबकडी हातात घेऊन पुष्कळ वेळ बसले होते. ही नावं मी इथे छापत नाही. ती त्या-त्या बाईची आहेत.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी फिएस्टा बाहेर काढला. आमचा तर पुरात गेला, हा दुसरा, मिरजेतल्या एका म्हाताऱ्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांनी जुने भाग जोडून उभा करून दिलेला. एक बाजू वाजली, आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "चला, आता नाव घ्या." मी म्हटलं, "नवऱ्याचं नाव उखाण्यात पुष्कळ वेळा घेतलं. आज प्रत्येकीनं स्वतःचं घ्यायचं, माहेरचं." आधी हसाहशी झाली, "इश्श, स्वतःचं कसलं नाव घ्यायचं!" मग एकेक जण सांगू लागली. समोरच्या आजींना क्षणभर थांबावं लागलं, आणि मग त्यांनी इतकं सुरेख नाव सांगितलं की सगळ्या गप्प झाल्या. वरच्या मजल्यावरची नवी सून म्हणाली, "काकू, माझं नाव बदललंच नाही हो." तेव्हा आजी तिला म्हणाल्या, "बरं केलंस."

त्या दिवशी मला गौहरजानची आठवण झाली. गंमत पाहा, आपल्या देशातल्या तबकड्यांची सुरुवात बायकांपासूनच झाली, तीही छोट्या तबकडीवर. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेझबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला. त्यानं पहिल्यांदा आवाज घेतला तो तिथल्या थिएटरमधल्या शशिमुखी आणि फणीबाला या दोन कोवळ्या मुलींचा. त्या पहिल्या तबकड्या सात इंची. थोड्याच दिवसांत गौहरजान गायली. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव खणखणीत सांगते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठला आवाज कुणाचा ते कळावं म्हणून ही सोय होती. कारण व्यवहारातलं, पण परिणाम केवढा! सव्वाशे वर्षं होत आली तरी ती बाई गाणं संपताच आपलं नाव सांगते आहे, आणि तेही दुसऱ्या कुणाची कन्या-पत्नी म्हणून नव्हे. पुढे नाव लेबलावर छापायला लागले आणि ती पद्धत मागे पडली. गाणारणीचं नाव लेबलावर आलं. ऐकणारीनं आपलं नाव कव्हरच्या पाठीवर स्वतःच लिहून घेतलं.

असो. आता कामाच्या गोष्टी सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजणी हे वाचून माळ्यावर चढणार, हे मला ठाऊक आहे!

पहिली गोष्ट, तबकडी लाखेची की व्हिनाइलची ते ओळखा. जड, जाड, दहा इंची आणि ७८ फेऱ्यांची असेल तर ती बहुधा लाखेची. तिला स्पिरिट कधी लावू नका, लाख त्यात विरघळते. व्हिनाइलची हलकी आणि किंचित लवचिक असते. ती धुवायची तर स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी (बॅटरीत घालतात ते), त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादाच थेंब. मऊ फडकं खाचेच्या वळणानं फिरवायचं, आडवं घासायचं नाही. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. मग साध्या पाण्यानं धुऊन ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवायची. पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली तरी हाच उपाय. ऊन दाखवायचं मात्र नाही! पापड नव्हेत ते. उन्हात किंवा फ्रिजवर ठेवलेली तबकडी वाकडी होते आणि मग गाणं डुलतं.

दुसरी गोष्ट, तबकड्या नेहमी उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या. ताटांसारखी चवड रचली की खालच्यांवर भार येतो. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत कायमच्या घालून ठेवू नका, वर्षानुवर्षांनी ते प्लॅस्टिक चिकटून डाग पडतात. साध्या कागदाचं आतलं पाकीट सगळ्यांत बरं.

तिसरी गोष्ट, यंत्र. जुनं यंत्र सापडलं तर आधी सेलचा कप्पा उघडा. आत विसरलेले सेल गळून पत्रा खातात. यंत्र वापरात नसेल तेव्हा सेल काढूनच ठेवा, हा नियम टॉर्चलाही लागू आहे. आतल्या रबराचं चाक किंवा पट्टा कडक झाला की वेग कमीजास्त होतो. तो बदलून मिळतो. बऱ्याच जुन्या यंत्रांच्या सुईमागचा स्फटिक दमट हवेत निकामी होतो, त्यामुळे यंत्र फिरतं पण आवाज येत नाही, असं झालं तर घाबरू नका, तोही भाग बदलता येतो. सुई झिजलेली असेल तर मात्र तबकडीवर ठेवूच नका. बोथट सुई खाच कायमची खरवडते. आजकाल नवी सूटकेससारखी यंत्रंही मिळतात. पण फार स्वस्तातल्या काहींचा हात जड असतो, म्हणून आवडती तबकडी त्यावर रोज वाजवू नये.

आणि हो, अधूनमधून वाजवा! नुसती कपाटात मांडून ठेवलेली तबकडी म्हणजे कधी न नेसलेला शालू. घडीवरच विरतो.

घर लहान आहे, पोरांना रस नाही, तुमच्या डोक्याला कामं थोडी का आहेत? पेटी देऊन टाकायची असेल तर जरूर द्या, मी तुम्हांला बोल लावणार नाही. एवढंच करा, की देण्याआधी प्रत्येक कव्हरची पाठ वाचा. काही लिहिलेलं असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, "हे कुणाचं अक्षर?" आणि ती सांगेल ते हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

सासूबाईंच्या ज्या तबकड्यांची कव्हरं पुरात गेली, त्यांना मी खाकी कागदाची नवी शिवली. आता त्यांवर नाव घालायचं होतं. मी पेन घेऊन बसले आणि विचारलं, "आई, आडनाव कुठलं घालू? माहेरचं की सासरचं?"

त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. म्हणाल्या, "आडनावं वडिलांची आणि ह्यांची. नाव तेवढं माझं. नुसतं नावच घाल."

मी शाईचं पेन उघडलं, तशी त्यांनी हात केला.

"बॉलपेननं लिही गं," म्हणाल्या. "पाण्याचा काही भरवसा नाही."